बेन नेव्हिसवर जाताना या चुका टाळा

कळसूबाई १६४६ मीटर उंच आणि स्कॉटलंडचे बेन नेव्हिस १३४५ मीटर, एवढ्याच तुलनेवर ‘जेवायच्या वेळेला परत येऊ’ असे ठरवणारी आपली मंडळी मला वारंवार भेटतात. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच बरेच उंचावर आहे. बेन नेव्हिसच्या पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीतली वाट मात्र जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, त्यामुळे जाऊन-येऊन सात ते नऊ तास धरावेत. जीन्स घालू नये.

खरी घातक चूक उतरताना होते. माथा म्हणजे दगडगोट्यांचे पठार, त्याच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरचे कडे, आणि वर्षातले बहुतेक दिवस ढग. एकदा मे महिन्यात मी तिघा नवख्यांना घेऊन वर गेलो असताना बर्फ आणि ढग एकमेकांत असे मिसळले होते की दहा पावलांपलीकडचे दिसेना. थंडीने एकाचा मोबाईल बंद पडला होता, तरी पावलांचे ठसे सापडताच तो ‘हीच वाट’ म्हणत पुढे निघाला. मी ओरडून त्याला थांबवले, कारण ते ठसे गार्डीलू घळीच्या तोंडावर, हवेत पुढे आलेल्या बर्फाच्या सज्जाकडे जात होते. माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात असलेल्या वेधशाळेचा कचरा याच घळीत टाकत असत, आणि जुन्या एडिनबर्गमध्ये खिडकीतून सांडपाणी फेकताना देत त्या आरोळीवरून तिचे नाव पडले आहे.

म्हणून मी ढगातून उतरण्याच्या दिशेचे दोन आकडे घरूनच नकाशाच्या कडेला लिहून नेतो: माथ्यावरील सर्वेक्षण खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर, आणि त्यानंतर २८२ अंश. हे अंश नकाशाच्या ग्रिडचे, म्हणजे त्यावरील उभ्या रेषांपासून मोजलेले असल्याने होकायंत्रासाठी त्या वर्षीचा चुंबकीय फरक, म्हणजे त्या रेषा आणि होकायंत्राची सुई यांच्या उत्तरेतला फरक, जमेस धरावा. पहिल्या टप्प्यात गार्डीलू टळते, दुसऱ्यात डावीकडची फाइव्ह फिंगर घळ. १५० मीटर मी पावलांनीच मोजतो. अंदाजाने चालणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

उत्तरेच्या कड्यांवरील टॉवर रिज या धारेची ‘डिफिकल्ट’ ही श्रेणी चढाईच्या कोष्टकात खालची आहे, पण तेवढ्यावरून दोराशिवाय तेथे जाऊ नये. उशिरा निघालेल्यांना त्या धारेवरच अंधार गाठतो.

नागमोडी वळणे तोडून सरळ खाली घसरत येणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. त्यांनी सोडलेले दगड खालून चढणाऱ्यांच्या अंगावर येतात.