कोजागरीला बारा भावंडं मुक्कामाला: रात्रीची तयारी कशी करावी

कोजागरीला सगळी आते-मामे-मावस-चुलत भावंडं एका घरी जमवायची ठरलं की पहिली चर्चा दुधाची होते. दूध सोपं आहे. कसोटी लागते ती रात्री 11 च्या सुमारास, जेव्हा एकाला आई आठवते, दुसऱ्याला शू लागते आणि तिसरा भुताच्या गोष्टीने टक्क जागा असतो. म्हणून आखणी झोपेपासून उलटी करत यावी. पुढची मापं 4 ते 12 वयाची 12 मुलं आणि 6 मोठी माणसं धरून दिली आहेत.

दिवस आणि वेळा

आश्विन पौर्णिमा आठवड्याच्या मधल्या वारी आली (2025 ला 6 ऑक्टोबरचा सोमवार होता) आणि दुसऱ्या दिवशी शाळा असेल, तर पूजा-नैवेद्य तिथीला करावा आणि मुक्काम जवळच्या शनिवारी ठेवावा. एक-दोन दिवस अलीकडे चंद्र जवळजवळ पूर्णच दिसतो आणि सूर्यास्ताआधीच उगवलेला असतो. पौर्णिमेनंतर मात्र तो रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, लहानग्यांना तेवढा वेळ धरवत नाही. त्यामुळे निवड असेल तर अलीकडचा शनिवार घ्यावा.

झोप 10:30 ला हवी असेल तर दूध 9 ला, जेवण 7:30 ला आणि औक्षण 7 ला. दूध मध्यरात्री प्यायची रीत मोठ्यांनी मोठ्यांपुरती पाळावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, त्यामुळे 9 पर्यंत तो इमारतींच्या वर आलेला असतो आणि पसरट पातेल्यातल्या दुधात स्वच्छ दिसतो. मुलांना हवं असतं ते एवढंच.

आधी चिठ्ठी मागवा

प्रत्येक आईबाबांकडून दोन दिवस आधी चार ओळी लिहून घ्या: काय खाल्लेलं चालत नाही (शेंगदाणे, काजू, दूध), कोणतं औषध कधी, रात्री उठतं का, आणि झोपताना काय लागतं. शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. कुणाला आजीच्या जुन्या साडीची गोधडी लागते, कुणाला दिवा. ती गोधडी घरी राहिली तर बाकी सगळी तयारी वाया जाते. 5 वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच बाहेर झोपत असेल तर त्याच्या आईला किंवा बाबांना मुक्कामी ठेवा.

औक्षण

या संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. भावंडं जमली की प्रत्येक घरचं थोरलं मूल पाटावर बसतं आणि धाकटी नुसती बघत उभी राहतात. रुसवे इथूनच सुरू होतात. धाकट्यांना आधीच कामं वाटून द्या: एकाने अक्षता धरायच्या, एकाने सुपारी, एकाने पाटाभोवती रांगोळीचे ठिपके काढायचे. निरांजन मात्र मोठ्यांच्याच हातात.

जेवण हलकं, भेळ आयत्या वेळी

वर आटीव दूध जायचं आहे, त्यामुळे भेळ आणि सोबत थोडा वरणभात पुरतो. 18 जणांना अर्धा किलो कुरमुरे, पाव किलो शेव, 5 मध्यम कांदे, 5 उकडलेले बटाटे, 4 टोमॅटो. पावसाळ्यानंतर कुरमुरे सादळलेले असतात, ते कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटं परतून पूर्ण गार करा. एकदम सगळी भेळ कालवली तर शेवटच्या पंगतीला लगदा मिळतो, म्हणून चार-पाच जणांपुरतीच कालवत जा. तिखट चटणी वेगळी ठेवा. 5 वर्षांखालच्या मुलांच्या ताटलीत अख्खे शेंगदाणे टाकू नका, हसता-बोलताना दाणा घशात अडकतो.

दूध

3 लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध घ्या. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळून, न पुसता दूध ओता, म्हणजे तळाला कमी लागतं. उकळी आली की आच मध्यमपेक्षा कमी करा आणि दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळत सुमारे पाऊण तास आटवा. पाऊण हिस्सा उरला की, म्हणजे सव्वादोन लिटरवर, थांबा. मुलांना 100 मिलि आणि मोठ्यांना 150 मिलि धरलं तर तेवढं पुरतं. रबडीइतकं घट्ट झालं तर मुलं दोन घोटांत पेला खाली ठेवतात.

साखर 200 ग्रॅम, पण आटवून झाल्यावर. आधी घातली तर दूध पटकन तळाला धरतं, आणि एकदा लागलेल्या दुधाचा करपट वास वेलचीनेही जात नाही. तरीही लागलंच, तर तळ अजिबात न खरवडता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या.

मसाल्याला 50 ग्रॅम बदाम, 30 ग्रॅम पिस्ते, 30 ग्रॅम काजू, 12 वेलच्यांचे दाणे, एक चिमूट केशर. सुकामेवा कोरडा आणि गार हवा. मिक्सर सलग फिरवला की त्यातून तेल सुटून गोळा होतो, म्हणून त्याच साखरेतले दोन चमचे घालून, थांबत थांबत फिरवा. लहानांसाठी पूड चाळून घ्या. वर पेरलेले बदामाचे काप मोठ्यांच्या पेल्यात. जायफळ सगळ्या दुधाला पाव चमच्यापेक्षाही कमी, तेही शेवटी किसून. झोप लागावी म्हणून जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा: जास्त जायफळ मुलांना बाधतं.

चंद्रप्रकाशात ठेवताना पातेल्यावर पातळ मलमलचं फडकं बांधा, नाहीतर दिव्यावरचे किडे दुधात पडतात. चंद्र बघायला फडकं काढायचं, मुलांना एकेक करून पुढे घ्यायचं, पुन्हा झाकायचं. पातेलं हलकेच टेकवलं की बिंब थरथरतं आणि मग स्थिर होतं. त्या क्षणासाठी प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या, घाई करू नका. उरलेलं दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सकाळपर्यंत बाहेर टिकत नाही.

गच्चीवर

दुपारीच वर जाऊन या. टाकीचं झाकण, लोंबणाऱ्या वायरी, कठड्याजवळ ठेवलेली कुंडी किंवा वीट (ज्यावर मूल चढू शकतं) आणि पावसाने आलेलं शेवाळ, या चार गोष्टी पाहा. दर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात फोन नाही. मुलांचे फोन 8 लाच टोपलीत घालून आजीकडे द्या. सगळ्यांचे एकदम गेले की कुरकुर कमी होते. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे.

गाण्याच्या भेंड्या सगळ्या वयांना चालतात, फक्त गट करताना प्रत्येक गटात एक मोठं, एक मधलं, एक लहान मूल घ्या. मोठे विरुद्ध लहान असे गट पाडले की दहा मिनिटांत रडारड होते. भुताच्या गोष्टी 9:30 नंतर बंद, आणि शेवटची गोष्ट हसवणारी हवी.

झोपायला गच्ची नको. रात्री उशिरा दव पडतं, सतरंज्या ओल्या होतात आणि सकाळी निम्मी मुलं शिंकत उठतात.

गाद्या

हॉलमध्ये 3 बाय 6 फुटांच्या 6 गाद्या लांबीला लांबी लावून टाका. 18 फुटांची ओळ होते, प्रत्येक मुलाला दीड फूट मिळतो. हॉल छोटा असेल तर तीन-तीन गाद्यांच्या दोन ओळी करा. दोन गाद्यांमध्ये फट पडते आणि त्यात लहान मूल घसरतं, म्हणून दोन-दोन गाद्यांवर मिळून एक डबल बेडची चादर ताणून खाली खोचा. चादरीखाली सगळीकडे मेणकापड घाला. एकाच जागी घातलं तर ते कुणासाठी आहे हे बाकीच्यांना कळतं, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ती लाज वर्षभर पुरते. रात्री उठणाऱ्याला बाथरूमच्या बाजूचं टोक द्या, बाथरूमचा दिवा चालू आणि दार अर्धं उघडं. झोपण्याआधी सगळ्यांना एकदा शू करवून आणा, आणि मोठी माणसं झोपायला जाताना गरज असलेल्या मुलाला पुन्हा उठवा. जागा तुम्हीच ठरवा: दोन गप्पिष्टांच्या मध्ये एक पटकन झोपणारं मूल.

कुणी रडायला लागलं तर त्याला ओळीतून उठवून दुसऱ्या खोलीत न्या. पाणी द्या, शेजारी आडवं व्हा, पाठीवर हात ठेवा. ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ हे वाक्य कुणाही काका-मावशीच्या तोंडून येऊ देऊ नका. लगेच आईला फोन लावला तर आवाज ऐकून रडं वाढतं. अर्ध्या तासात शांत झालं नाही तर मात्र खुशाल लावा. न्यायला यावं लागेल याची कल्पना आईबाबांना आधीच दिलेली असावी. मूल घरी गेलं तरी सकाळच्या पोह्यांना त्याला परत बोलवा, म्हणजे पुढच्या वर्षी ते यायला तयार होतं.

सकाळी

18 जणांना सव्वा किलो जाडे पोहे लागतात. उरलेल्या दुधाचा वास आणि चव बघून ते चांगलं असेल तर शेवयांची खीर करा, पुन्हा साखर घालू नका. पिशव्या भरताना प्रत्येकाची चिठ्ठी समोर धरून औषध, गोधडी, टॉवेल मोजून घाला. रात्री कुणी रडलं, कुणाची चादर बदलावी लागली, हे त्या-त्या आईला बाजूला घेऊन सांगा, दारात सगळ्यांसमोर नको.