पुणे-नागपूर विमान: तिकिटावर दीड तास, घरापासून घरापर्यंत सहा

नागपूर, वर्धा, अमरावतीकडून पुण्यात नवीन आलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. दिवाळी जवळ आली की मला हमखास फोन येतो, भाऊ विमानाने किती वेळ लागते. मी 2011 पासून इथे आहे, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

लोहगाव (पुण्याचं विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचं) सरळ अंतर साधारण 600 किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी 800 च्या आसपास पळतं, मग पाऊण तासातच पोचायला पाहिजे ना? पण इतक्या कमी अंतरात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, आणि तिकिटावरच्या सव्वा-दीड तासात रनवेपर्यंत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं सगळं धरलेलं असतं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, त्यांची सुखोई लढाऊ विमानं उडत असली की आपण थांबायचं.

खरा वेळ खातो पुण्याचा रस्ता. माझं पहिल्याच दिवाळीचं विमान असं चुकलं. आठचं विमान, साडेपाचला हिंजवडीतून निघालो, वाकडच्या पुलाखालीच पाऊण तास गेला, काउंटरवर पोचलो तोवर ते बंद झालेलं होतं. आईला फोन केला तर म्हणे, राहू दे बेटा, चिवडा डब्यात ठेवते तुझ्यासाठी. तिथेच बॅगेवर बसून रडलो होतो.

म्हणून संध्याकाळचं विमान असेल तर हिंजवडी-वाकडवाल्यांनी चार तास आधी निघा, मी तरी निघतोच. कोथरूडवाल्यांचं आता बरं झालंय, मार्च 2024 पासून वनाझहून मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते, पुढे रिक्षा. जमलं तर पहाटेचंच विमान घ्या, रस्ते मोकळे असतात. तिकडे नागपुरात काही टेन्शन नाही, सोनेगावहून बर्डी (शहराच्या मध्यातली सीताबर्डी) जेमतेम आठ किलोमीटर.

ट्रेन दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घेते त्यामुळे अंतर 881 किलोमीटर होतं. ऑगस्ट 2025 पासून अजनीची (नागपुरातलंच स्टेशन) वंदे भारत आहे, दिवसा साधारण बारा तास लागतात. रात्री निघून सकाळी घरी पोचायचं तर ट्रॅव्हल्स आहेतच. सणासुदीला मी तरी ट्रेनच सांगेन, बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढून ठेवा, कारण दिवाळीत विमानाचं भाडं कुठल्या कुठे जातं.

पण एक ऐका, ऐनवेळच्या एका विमान तिकिटाचे पैसे खात्यात कायम बाजूला ठेवा, पगार कितीही कमी असू दे. बाबांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा रात्री अकराला फोन आला, पहाटेचं तिकीट जे मिळेल ते काढलं आणि सकाळी त्यांना ऑपरेशनला नेण्याआधी मी तिथे होतो, त्यांनी माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, जेवला का?