फियाट ११०० आणि पद्मिनी: ग्राइंडर हातात घेण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. पद्मिनी म्हणजे नाव बदललेली फियाट ११०० डिलाइटच. जुनी फियाट घ्यायची हौस तेव्हापासून अनेकांना लागलेली दिसते. हौस चांगलीच आहे. पण गाडी दारात येऊन चार आठवडे होत नाहीत तोच नवा मालक काय काय बदलायचं याची यादी करतो, हे आता पाहवत नाही.

दुखणं न शोधता भाग बदलणं

सगळ्यात जास्त गाड्या या एका चुकीने वाया जातात.

साताऱ्याकडच्या एका गृहस्थांची साठच्या दशकातली ११०० डिलाइट खंबाटकीत हमखास तापायची. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकला. फरक पडेना, म्हणून रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा बसवला. त्याचा भार डायनमोला, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या जुन्या यंत्राला, पेलवेना, रात्री दिवे मंद होऊ लागले. मग डायनमो काढला आणि त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर दुसऱ्या गाडीतून आणला. तो जागेवर बसेना, म्हणून मूळ ब्रॅकेटचा कान कापला. डायनमोचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या वायरी पक्कडीने तोडून वर टेप गुंडाळली. एवढं सगळं करून गाडी घाटात तापायची ती तापायचीच.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिनाच्या ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, बाजूला असतात त्या पत्र्याच्या गोल टोप्या आधी काढल्या. मागच्या सिलिंडरजवळची पाण्याची वाट तांबड्या चिखलाने गच्च भरली होती. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं की आत गंज आणि क्षार साचतात, त्याचा तो गाळ. वाकवलेल्या तारेने खरवडायचं, पाण्याचा झोत सोडायचा, पुन्हा खरवडायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच केलं. टोप्या नव्या घातल्या, रेडिएटर साफ करून आणला, थर्मोस्टॅट परत बसवला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या मूळ पंख्यावर ती घाट चढली. कापलेला ब्रॅकेट मात्र गेला तो गेलाच. त्याच्या जोडीचा शोधायला मालकांना कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांतून बरेच हेलपाटे घालावे लागले.

गाडी तापते म्हटलं की माझा क्रम ठरलेला आहे. फॅनबेल्टचा ताण, रेडिएटरचं झाकण, मग इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. टायमिंग मागे पडलं तरी इंजिन तापतं, हे नवशिक्यांना सांगूनही पटत नाही. त्यानंतर ब्लॉक. तोवर एकही भाग विकत आणायचा नाही.

स्टिअरिंगवरचा गिअर नको म्हणून फ्लोअर कापणं

स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून तो खाली फ्लोअरवर घ्यायची अनेकांना घाई असते. पण गिअर अडकतो तो दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळयांच्या, म्हणजे लिंकेजच्या, सांध्यांतले बुश झिजल्यामुळे. बुश बदला, सांधे पुसून ग्रीस भरा. फ्लोअरला भोक पाडायची काही गरज नाही.

ड्रम ब्रेकला नावं ठेवणं

चारही चाकांना ड्रम असलेली ही गाडी सरळ थांबते, फक्त ड्रमला आतून घासणारे शू नीट अ‍ॅडजस्ट केलेले हवेत आणि ते शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळका नको. डिस्क बसवण्याआधी ड्रम उघडून आत बघा तरी.

गंजावर पुट्टी

दुसऱ्या पावसाळ्यात फुगणारच. कुजलेला पत्रा कापून त्या जागी नवा जोडा.

काढलेला भाग भंगारात देणं

याचा मला मनापासून राग येतो. ११०० डिलाइटचा डायनमो, मूळ कार्बोरेटर, दाराचं हँडल हे सगळं आज किलोच्या भावात जातं, आणि उद्या दामदुप्पट देऊनही मिळत नाही. प्रत्येक भाग पुसून, तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. गाडी विकाल तेव्हा डबाही नव्या मालकाला द्या.

शिवाय यात कायद्याचाही भाग आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. त्यासाठी नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नवं इंजिन टाकायची घाई झालेल्यांनी आधी हा नियम वाचावा.

मूळपणाच्या नावाखाली जुने पेट्रोल पाइप ठेवणं

हे दुसरं टोक, आणि ते धोक्याचं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, तडकतं. पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. हेडलाइटला रिले (जास्त करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा छोटा विजेचा भाग) आणि सीट बेल्ट हे बदलही मी आनंदाने करतो, कारण बोल्ट सोडले की गाडी पुन्हा होती तशी होते. बेल्ट मात्र पत्र्याला नुसता आवळू नका, मागे जाड प्लेट घाला. पाइप बदलल्यावर इंजिन थंड असताना प्रत्येक क्लिपखाली बोट फिरवा, मग इंजिन चालवून बंद करा आणि पुन्हा फिरवा. बोटाला पेट्रोलचा वास आला, तर क्लिप आवळत बसू नका, पाइपचं टोक कापून नव्याने बसवा.