दगडी जेट्टीजवळ स्कूबा: नव्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रशिक्षणाचं, कार्ड हातात आलं की पुष्कळांची नजर आधी वळते ती समुद्रात घुसलेल्या दगडी जेट्टीकडे. बोट लागत नाही, खोली जेमतेम सहा ते दहा मीटर, आणि दगडांच्या फटीफटींत जीव नांदत असतात. अशा बंधाऱ्यांलगत मी नियमित उतरतो, नव्यांना सोबतही नेतो. खोली कमी म्हणजे डाइव्ह सोपा, या हिशेबावर माझा काडीचा विश्वास नाही. इथला डाइव्ह जमणार की नाही, ते काठावर उभं असतानाच ठरतं.

पहिली गोष्ट वेळेची. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, आणि या वेळा रोज अंदाजे 50 मिनिटांनी पुढे सरकतात. पाणी एकसारख्या वेगाने चढत-उतरत नाही. मधल्या दोन तासांतच निम्मी उंची बदलते. जेट्ट्या बहुधा खाडीच्या किंवा बंदराच्या मुखाशी असतात, त्यामुळे त्या दोन तासांत मुखातून पाण्याचा लोंढा वाहतो. एक नॉट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, एवढ्या प्रवाहाविरुद्ध सिलिंडर पाठीवर घेऊन फार वेळ पोहणं पट्टीच्या डायव्हरलाही जड जातं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणात, हा जोर आणखी वाढतो. म्हणून नव्यांनी अष्टमीच्या आसपासचे, भांगाच्या भरतीचे दिवस निवडावेत आणि भरती संपता संपता उतरावं. तोवर बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की खाडीतला गाळ बाहेर येतो आणि हातभर अंतरावरचा बडी, म्हणजे जोडीदार डायव्हरही, दिसेनासा होतो.

पण भरती-ओहोटीच्या तक्त्यातली भरतीची वेळ आणि मुखातलं पाणी थबकण्याची वेळ एकच असेल असं नाही. आतली खाडी मोठी असेल तर तक्त्यात भरती संपल्यावरही पाणी कितीतरी वेळ आत जातच राहतं. खरी वेळ मुखात नांगरलेला तरंगता बोया सांगतो. तो एका अंगाला कलला असेल तर थांबा, सरळ उभा राहिला की सामान चढवा. गळ टाकून बसलेल्यांनाही विचारा. कुठल्याही ॲपपेक्षा त्यांना तिथलं पाणी जास्त कळतं. शिवाय तुम्ही त्यांच्या गळाखालून जाणार आहात, तेव्हा आधी दोन शब्द बोललेले बरे!

लाटांचं म्हणाल तर नवा माणूस उंची बघतो, मी आधी दोन लाटांमधली सेकंदं मोजतो. पाच सेकंदांची लाट खोल समुद्रात सुमारे 40 मीटर लांबीची असते, तर बारा सेकंदांची सव्वादोनशे मीटरची. लाटेची हालचाल तिच्या निम्म्या लांबीइतकी खोल पोचते. त्यामुळे वरून गुळगुळीत दिसणारी, लांबून आलेली एक मीटरची लाट आठ मीटरवरचा तळ घुसळून काढते आणि तुम्हाला दगडांवर पुढे-मागे फेकते. त्यातच किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी जेट्टीला अडतं आणि तिच्या कडेने थेट समुद्रात निघतं. फेसाळ लाटांमधला तो शांत, गढूळ पट्टा नवख्याला उतरायला सोयीचा वाटतो. तो बाहेर ओढणारा प्रवाह असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. जेट्टीपासून दूर, आडवे सरका आणि मग वळा.

उतरण्याआधी बाहेर कुठून यायचं ते ठरवा. दगडांवर ओहोटीला उघडा पडणारा हिरवा-काळा पट्टा शेवाळाचा असतो, त्यावर कडक तळव्याचे बूटही ठरत नाहीत. भरतीला सोयीचा वाटलेला दगड तासाभराने घसरगुंडी होतो. जवळ वाळूचा किनारा असेल तर तिथूनच उतरा आणि जेट्टीच्या कडेने पोहत जा. दगडांवरून उड्या मारण्यात मर्दुमकी नाही. दगडांवरूनच उतरावं लागलं, तर मास्क लावलेला, रेग्युलेटर (श्वास घ्यायची नळी) तोंडात आणि बीसीडीत, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या जाकिटात, थोडी हवा हवीच. काही जेट्ट्यांवर पाण्यात उतरायलाच बंदी असते, त्याची चौकशी आधी करा.

खाली गेलात की मासे बघा, पण नुसती हौस म्हणून नाही. छोटे मासे प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. सगळ्यांनी एकदम तोंड फिरवलं की पाणी उलटलं समजा. तळाच्या वाळूवरच्या लहरीही बोलतात. कडा धारदार असतील तर खालचं पाणी सध्या चांगलंच हलतंय. त्या बोथट होऊन त्यांवर तपकिरी साय धरली असेल, तर तिथे काही दिवस शांतता आहे. बंधारा सुट्या दगडांचा असल्याने लाटेसरशी पाणी फटींतून आत शिरतं. फटीच्या तोंडाशी शेवाळाचे धागे आत खेचले जाताना दिसले तर तिथून मागे व्हा. हात तर घालूच नका: आत शेवंड असेल, सापासारखा मोरे ईल मासा असेल किंवा हुबेहूब दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा स्कॉर्पियनफिश मासा.

इथला खरा उपद्रव मात्र तुटलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांचा. पाण्यात त्या दिसतच नाहीत, फिनला (पायात घालायच्या वल्ह्याला) किंवा सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकल्यावरच कळतात. अडकलात तर गोल फिरू नका, दोरी आणखी गुंडाळते. थांबा, बडीला खूण करा, कापून घ्या. कापायचं हत्यार दोन्ही हातांना पोचेल असं छातीवर लावा, पोटरीला नको.

हवेचं गणित सोपं ठेवा. सिलिंडरमधल्या हवेचा दाब 200 बार असताना निघालात तर 130 ला वळा. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, जेट्टी डाव्या हाताला असेल तर येताना ती उजव्या हाताला हवी. मधेच सहज म्हणून वर येऊ नका, कारण डोक्यावरून बोटी जात असतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे इंजिनाची घरघर कुठल्या बाजूने येते ते कानांना कळत नाही. डाइव्ह फ्लॅगचा तरंगता बोया सोबत ओढत न्या, त्याची दोरी हातात धरा, अंगाला बांधू नका. परत येईपर्यंत ठरवलेल्या जागी लाटा फुटायला लागल्या असतील, तर दगडांपासून लांब राहून वाळूच्या किनाऱ्यापर्यंत पोहा. वळताना राखलेली हवा त्यासाठीच असते.