पात्यावरचे नाव आणि रंध्याची ओळख

जुन्या बाजारातून किंवा आजोबांच्या पेटीतून अनोळखी लोखंडी रंधा हाती आला की पहिली नजर पात्यावर जाते, कारण नाव तेथेच ठसठशीत उमटलेले असते. नवशिक्याने त्या नावावर विसंबू नये. पाते झिजते, धार लावून लावून संपते आणि सुतार दुसरे आणून बसवतो. लिव्हर कॅप, म्हणजे पाते वरून दाबून धरणारी पट्टी, पडून फुटते, पुढची मूठ चिरते, आणि त्याही बदलल्या जातात. जो भाग सहज सुटतो त्याची साक्ष कच्ची समजावी. ओतीव बॉडीची तेवढी पक्की.

हे मला नुकसान झाल्यावर कळले. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम शिकत असताना एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी १४ इंचांचा एक रंधा उचलला. बॉडीवर हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर होते की पुढच्या टोकाचा ५ हा आकडा तेवढा बोटाला लागत होता, आणि पात्यावर एका भारतीय कारखान्याचा ठसा होता. रंधा अलीकडचा आणि देशी बनावटीचा आहे, असे मी तेथेच ठरवून टाकले. वास्तविक ५ या आकड्यावरून फक्त माप कळते: लांबी १४ इंच, पाते २ इंच. स्टॅनले या अमेरिकन कंपनीची ही क्रमांकपद्धती इतरांनीही उचलली. इंग्लंडमधील शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने आधी शून्य लावून तोच आकडा ०५ असा घातला.

पुढच्या मुठीचा स्क्रू हरवला होता. देशी रंधा म्हणजे मिलिमीटरचे आटे, अशा हिशेबाने मी ६ मिलिमीटरचा स्क्रू आणला. तो पहिल्याच फेऱ्यात अडला, तरीही मी पान्याने रेटून फिरवला. बिडाचे आटे कुरकुरत तुटले आणि त्यांचा काळा चुरा स्क्रूच्या टोकाला चिकटून बाहेर आला.

रंग त्यानंतर काढला. मागच्या मुठीच्या पुढे, पात्याच्या सावलीत, ओतीव अक्षरांत पेटंटच्या तीन तारखा होत्या: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. टोकाला ‘बेली’ हे नाव निघाले. ही रचना करणाऱ्या लेनर्ड बेलीची पेटंटे स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतली, तेव्हा हे नाव रचनेचे आहे, कारखान्याचे नव्हे. तारखांवरून मात्र रंधा अमेरिकन स्टॅनलेचा ठरला. त्याच्या मुठीच्या स्क्रूला इंचाला २० आटे असतात, आणि माझा स्क्रू त्यात कधीच बसणार नव्हता.

पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीचे वर्ष, हीदेखील चुकीची समजूत आहे. या तिन्ही तारखा साधारण १९१० ते १९१८ या काळातील बॉडीवर आढळतात. माझ्या लिव्हर कॅपचे छिद्र मात्र काजूच्या आकाराचे होते, आणि तसे छिद्र १९३३ पासूनचे. म्हणजे कॅपही मागाहून आलेली. असे विजोड भाग एकत्र दिसले तर घाबरू नये, कारण चालत्या हत्याराचे हे नेहमीचेच आहे. काळ ठरवण्याचे तयार तक्ते उपयोगी पडतात, पण ते अमेरिकन स्टॅनलेपुरते. शेफील्डच्या रंध्याला ते लावू नयेत.

लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर ठसा असला तरी तो मालकाचाही असू शकतो, एवढे येथे पुरे.

मोबाइलवर फोटो दाखवून नाव विचारण्याचा मार्ग मला मुळीच पसंत नाही, आणि जो मिस्त्री रंधा न उघडता कंपनी सांगतो त्याच्याकडे शिकूही नये. भवानी पेठेतील ज्या वयस्कर मिस्त्रींकडे मी पुढे गेलो, ते प्रत्येक भाग सोडवून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडत, जुन्या टूथब्रशने खाचा साफ करत आणि मगच चष्मा लावत. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश त्यांनी माझ्या हातून काढून घेतला, कारण मूळचा काळा लेप त्याने उडतो आणि तोही एक पुरावाच असतो.

तुटलेले भोक त्यांनीच मोठे करून दिले आणि त्यात नवे आटे पाडले. त्यामुळे त्या स्टॅनलेत आता खरोखरच मिलिमीटरचा स्क्रू बसतो. पुढे ज्याच्या हाती तो जाईल त्याची फसगत होऊ नये म्हणून मुठीच्या बुडाशी मी तसे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.