मुलाखतीनंतर अन्यायकारक फीडबॅक आला? या चुका टाळा

जळगावहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी पुण्यात उतरून स्टेशनवरच कपडे बदलायचे, ऑफिसबाहेर दोन तास ताटकळायचं. आणि आत ज्यांनी बायोडेटा नीट पाहिलेलाही नसतो, त्यांच्यासमोर पंधरा मिनिटांत सगळं आटोपायचं. आठवड्याने मेल येतो: ‘कम्युनिकेशन कमी पडलं.’ संताप होणारच. पण त्या संतापात पुढच्या संधीचंही नुकसान होतं.

पहिली चूक मेलच्या आधीच झालेली असते. काय विचारलं, ते मुलं लिहून ठेवत नाहीत. परतीची गाडी मनमाडला लागेपर्यंत निम्मं डोक्यातून जातं, मग शेरा खरा की खोटा हे ताडून बघायला हातात काहीच उरत नाही. बाहेर पडल्यावर तासाभरात वहीत उतरवा: प्रश्न, आपलं उत्तर, कुठे अडखळलो. लग्न, जात, घरची परिस्थिती यांवर काही विचारलं असेल तर तेही त्याच शब्दांत.

‘कम्युनिकेशन’ वाचलं की लगेच इंग्रजीच्या क्लासची फी भरू नका. ‘ळ’चा ‘य’ होतो म्हणून आपण कमी, असं खानदेशातली मुलं फार मनाला लावून घेतात. बोलण्याचा हेल हा दोष नाही. तोच प्रश्न घेऊन मोबाइलवर उत्तर रेकॉर्ड करा आणि मुद्दा किती सेकंदांनी आला ते ऐका. समजा, पाइप कारखान्यात काम केलेल्या डिप्लोमाच्या मुलाला विचारलं, ‘पाइपची जाडी कमी-जास्त आली तर काय कराल?’ तो कंपनी किती मोठी, शिफ्ट कशी, हेच सांगत बसतो. उत्तर असं हवं: ‘एकाच बाजूला जाड असेल तर आधी डायचं सेंटरिंग बघतो. लांबीत फरक पडत असेल तर हॉल-ऑफचा वेग आणि मटेरियलची फीड.’ (डाय म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, हॉल-ऑफ म्हणजे तयार पाइप पुढे ओढणारं यंत्र.) हे साध्या हिंदीत सांगितलं तरी पोचतं. पहिल्या वीस सेकंदांत मुद्दा येत असेल आणि तरीही तोच शेरा असेल, तर तो खुशाल सोडून द्या.

मेलला रात्रीच्या रात्री उत्तर देऊ नका. एक दिवस जाऊ द्या, मग दोन ओळी लिहा: ‘कळवल्याबद्दल आभार. माझं कोणतं उत्तर अपुरं वाटलं, एवढं सांगितलंत तर सुधारता येईल.’ ‘माझं काय चुकलं?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. खासगी कंपनीवर कारण देण्याचं बंधन नाही. आठ दिवसांनी एकदा आठवण करा, नंतर थांबा.

जिल्हा परिषद, सरकारी विद्यापीठ किंवा इतर सरकारी भरती असेल तर मात्र गप्प बसू नका. माहिती अधिकार कायदा २००५ नुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इथे बहुतेक अर्ज एकाच कारणाने वाया जातात: ‘मला का डावललं?’ असं विचारलेलं असतं. कारण नव्हे, कागद मागा: आपले लेखी आणि मुलाखतीचे गुण, आपली उत्तरपत्रिका, निवडीचे निकष. मुलाखत घेणाऱ्यांची नावं मागू नका, ती मिळत नाहीत. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा आणि अर्जाची पोच सोबत जोडा.