स्कोपच्या बेसचा स्क्रू सुटत नाही तेव्हा

रायफल आधी रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढून ठेवा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग रिंगांसकट स्कोप उतरवून दूर ठेवा, कारण पुढचं काम उष्णतेचं आहे.

बेस म्हणजे स्कोपच्या रिंगा ज्यावर बसतात ती रायफलीवरची पट्टी. तिचे स्क्रू बहुधा 6-48 आट्यांचे, म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे असतात. एवढ्याशा स्क्रूवर जोर करून काही साधत नाही. एकदा मी घाईत, जरा सैल बसणाऱ्या बिटाने पिळला आणि टॉर्क्सचे, म्हणजे डोक्यातल्या चांदणीच्या आकाराच्या खोबणीचे, सहाही कोपरे गोल करून ठेवले. पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार गेली. तेव्हापासून स्क्रूचं डोकं सुईने कोरून साफ केल्याशिवाय मी बिट लावत नाही. जुना गोंद, रंग, मळ, सगळं निघालं पाहिजे. टी-15 मापाच्या टॉर्क्सला टी-15 बिटच. खाचेचा स्क्रू असेल तर खाच पूर्ण भरणारं, समांतर कडांचं पातं हवं. घरातला निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेतून वर उसळतो आणि बेसवर ओरखडा काढतो.

तेल ओतून रात्रभर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. गंजाला तेल ठीक आहे. थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद, मात्र हवा बंद झाल्यावर आट्यांत प्लॅस्टिकसारखा कडक होतो, तिथे तेल शिरायला वाट नसते. त्याला उष्णताच लागते. निळा, मध्यम ताकदीचा, साध्या हत्यारांनी सुटायला हवा. लाल जवळपास 250 अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो.

पण गॅस टॉर्चची ज्योत रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट सरकतो त्या मुख्य भागावर, अजिबात नको. ते पोलाद पाणी दिलेलं असतं, ते उतरलं तर रायफल धोक्याची होते. मी सोल्डरिंग आयर्न वापरतो. रायफल कापड लावून वाइसमध्ये धरायची, तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यात दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं. उष्णता स्क्रूमधून थेट आट्यांत उतरते. बेस अॅल्युमिनियमचा असेल तर तो बरीच उष्णता ओढून घेतो, जास्त वेळ द्या. कडेने धुराची बारीक रेघ निघाली की गोंद मऊ पडतोय. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात नको.

आता उशीर नको, गार झाला की परत धरतो. बिट बसवा, मागून हातोडीची हलकी टिचकी द्या, अंगाचा भार वरून ठेवा. आधी केसभर आवळा, मग उलटा फिरवा. ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो आणि हाताला एकदम मोकळं लागतं. नाहीच आला तर पुन्हा तापवा, जोर वाढवू नका.

डोकंच गेलं असेल तर उलट्या आट्यांच्या ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतकंच कोरा. डोकं सुटलं की ताण जातो, बेस उचलला जातो आणि उरलेला खुंट तापवून पकडीने बहुधा फिरतो. खुंट वर आलेलाच नसेल तर तिथे थांबा आणि गनस्मिथकडे द्या. खुंट उपसायला घातलेला एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो काढणं फार अवघड.

निघालेले स्क्रू पुठ्ठ्यावर भोकांच्या क्रमाने खोचून ठेवा. लांबी सारखी नसते. पुढच्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो बॅरलच्या आट्यांवर टेकतो, बेस आवळल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात सैलच राहतो. भोकं अॅसिटोनने पुसा, निळ्याचा एकच थेंब लावा, बेसबरोबर दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळा. मग रिकाम्या रायफलीत बोल्ट घालून सावकाश बंद करून बघा. कुठेही घासला तर त्या भोकातला स्क्रू लांब आहे.